वजा किमतीचं घर

काल आपल्या घराची किंमत करायला माणूस आला होता. तुम्ही असता तर त्याला सावलीतली खुर्ची दिली असती, थंड पाणी दिलं असतं आणि तो जे काही बोलला त्यावर "बरोबर, बरोबर" म्हणत मान डोलावली असती. पाणी मीही दिलं. मान मात्र डोलावली नाही, आणि डोलावली असती तरी त्याला दिसली नसती, कारण मी स्वयंपाकघराच्या पडद्याआड होते.

तुम्ही गेल्याला अजून दोन महिनेही झाले नाहीत. मी इद्दतीत बसले आहे. नवरा गेला की बाईने चार महिने दहा दिवस त्याच्याच घरात राहायचं, गरजेशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं! सांगायचं ते वेगळंच आहे. ज्या घराला तुम्ही उभ्या आयुष्यात घर म्हटलं नाहीत, 'खोली' म्हणायचात, त्याच घरात मी तुमची इद्दत पाळते आहे. दीनाच्या, धर्माच्या हिशोबाने तुमचं घर हेच ठरलं. बाणकोटच्या खाडीवरचा तुमचा बंगला नाही ठरला. जा, कुठे तक्रार करायची ती करा.

त्या माणसाला सालेहने आणलं होतं, आपल्या घरमालकिणीच्या, उम्म सालेहच्या थोरल्या मुलाने. घर विकायचं आहे म्हणे. गल्लीतली निम्मी घरं आता पाचमजली झाली, हे तुम्ही पाहिलंच आहे. जेद्दातली अझीझियासारखी जुनी, भरलेली वस्ती. शाळा, मशीद, बाजार, दवाखाना सगळं पायी अंतरावर. अशा ठिकाणी एकमजली घर ठेवणं म्हणजे जमिनीचा अपमान आहे, असं सालेह म्हणाला. पाहुणचाराला आपला इम्रान बसला होता. किंमत करणारा तरुण मुलगा होता, सौदीच, अगदी अदबीचा. लाल उजेडाचं एक यंत्र भिंतीवर रोखायचा आणि आकडा वाचायचा. सगळं मोजून झाल्यावर त्याने इम्रानला इंग्रजीत सांगितलं की जागा उत्तम आहे, मागणी खूप आहे. बांधकामाची किंमत काही धरता येणार नाही. उलट पाडायचा खर्च जागेच्या किमतीतून वजा करावा लागेल.

मला राहवलं नाही. पडद्याआडूनच विचारलं, माझ्या त्या मोडक्या अरबीत, "बेटा, म्हणजे हे घर इथे नसतं तर किंमत जास्त आली असती?"

"हो, खाला," तो म्हणाला. "मोकळ्या जमिनीला भाव जास्त."

"आणि मी नसते तर?"

बाहेर सालेहचा पेला बशीवर वाजला. इम्रान खाकरला आणि हळूच म्हणाला, "अम्मी, प्लीज."

तुम्हाला हसू आलं असेल. तिशीत ज्या वादाला आपण सुरुवात केली, त्यात शेवटी एक शिकलेला माणूस यंत्र घेऊन तुमच्या बाजूने उभा राहिला. "भाड्याच्या घराला कसला जीव लावतेस, रझिया?" हे तुमचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की माझी तबियत कशी आहे हे विचारणं त्यापेक्षा कमी झालं असेल. पण तुम्ही आता नाही आहात आणि मी आहे, तेव्हा बोलायची पाळी माझी.

मी श्रीवर्धनहून नवी नवरी म्हणून आले, तेव्हा विमानतळावर तुम्ही एसी दुरुस्तीची पिकअप घेऊन आला होता. मागे कुणाचा तरी फ्रीज बांधलेला. "आधी हा पोचवू, वाटेवरच आहे," म्हणालात. वाटेवर नव्हता. फ्रीज पोचवून, गिऱ्हाइकाकडचा चहा पिऊन, मग मला घरी आणलंत. लोखंडी हिरवं दार, आत चार भिंतींतलं लहानसं अंगण, दोन खोल्या, गच्चीवर जायला जिना. तुम्ही म्हणालात, "दोन वर्षं काढायची. पैसे साठले की गावाला घर बांधू." मी विचारलं झाडू कुठे आहे. तुम्हाला वाटलं, बायको नाराज झाली. अहो, मी नाराज नव्हते. बापाच्या घरात आम्ही अकरा माणसं होतो. मला आयुष्यात पहिल्यांदा असं दार मिळालं होतं, की जे आतून लावलं की आत फक्त दोनच माणसं राहत होती. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, कारण नव्या नवरीने असं बोलायचं नसतं. नंतर सांगायचं राहून गेलं. आता ऐका.

आणि तुम्हाला श्रेय द्यायचं तर आजच देते, नंतर राग यायचा. तुमच्याबरोबर कोकणातून आलेले बहुतेक सगळे कॅम्पात राहिले. एकेका खोलीत सहा सहा जण, बायका गावाला, वर्षातून एकदा भेट. अन्वरभाईंनी, तुमच्या थोरल्यांनी, तुम्हालाही तेच सांगितलं होतं: बायको आणलीस तर पैसा उरायचा नाही. तुम्ही ऐकलं नाहीत. मला आणलंत, आणि रोज जोहरच्या नमाजनंतर दुकान बंद करून घरी जेवायला आलात. एवढ्या वर्षांत तुम्ही दुपारचं जेवण बाहेर घेतल्याचं मला आठवत नाही. रास अल खैरच्या कॅम्पातले आपल्याकडचे वेल्डर, फिटर मक्केला उमऱ्याला आले की हक्काने आपल्या अंगणात पथाऱ्या टाकायचे. त्यातला एकजण मच्छीचं कालवण आणि भाकरी खाताना रडला होता आणि तुम्ही त्याला म्हणालात, "तिखट जास्त झालं असेल." माणसाची लाज राखायची तुमची ही रीत मला फार आवडायची.

पण वाद तो वाद. त्या घरात तुम्ही पाहुण्यासारखे राहिलात. दुसऱ्याच्या घराला ओरखडा जाता कामा नये, हा तुमचा धर्म. मी म्हटलं अंगणाच्या कोपऱ्यात एक कढीपत्ता लावते, तर म्हणालात, "जमिनीत नको. मूळ धरलं की काढताना जीव जाईल. डब्यात लाव." मी रंगाच्या मोठ्या डब्यात लावला. झाड वाढलं, भिंतीवरून बाहेर डोकावायला लागलं, गल्लीतल्या मलबारी बायका "चेची, चार पानं" म्हणत दारात यायला लागल्या. इम्रानच्या लग्नाच्या आधी रंगकाम काढलं, तेव्हा तुम्ही आणि तुमचा दुकानातला कारागीर डबा हलवायला गेलात. हलेना. खाली वाकून बघता तर डब्याचं बूड केव्हाच गंजून गेलेलं आणि मुळं फरशी फोडून जमिनीत. तुम्ही कितीतरी वेळ बघत राहिलात. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "हे तुझंच काम." जणू रात्री उठून मी मुळांना वाट दाखवली होती! त्यानंतर झाडाला पाणी घालायचं काम तुम्ही घेतलंत. हे लक्षात आहे माझ्या. तुम्ही कबूल केलं नाहीत तरी लक्षात आहे.

त्याच झाडाखाली मी शिकवण्या घेतल्या. इंडियन स्कूलची मुलं. गणित कळत नाही म्हणून आलेली, इंग्रजीत विचारायची, मी हिंदीत सांगायची, चिडले की मराठी. सुरुवातीला तुम्ही म्हणालात, घरमालकाला चालेल का? मीच जाऊन उम्म सालेहला विचारलं. ती म्हणाली, पोरांचा आवाज असलेलं घर पडत नाही. आज त्यातली कुणी डॉक्टर, कुणी कंपनीत साहेब. तुमचा जनाजा उचलायला जी रांग लागली, त्यात एसीची गिऱ्हाइकं कमी आणि माझ्या झाडाखालची मुलं जास्त होती. इम्राननेच सांगितलं. मोजणाऱ्याच्या यंत्रात हे कुठे बसणार? बसत नसेल तर यंत्र लहान आहे, घर नाही.

आता तुमच्या बंगल्याचं बोलू. बोलायचंच. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, बंगल्याला तसा काही नियम नाही.

दोनाची किती वर्षं झाली देव जाणे, पण पैसे साठले आणि तुम्ही गावाला घर काढलंत. इथे बसून, फोनवरून. उंटांच्या देशात बसून तुम्ही उंटावरून शेळ्या हाकल्यात. आयुष्यभर एसी बसवले, त्यामुळे तुमच्या डोक्यात घर म्हणजे एसीचं खोकं. वर सपाट स्लॅब, पुढे पडवी नाही, पावसाची पाखी नाही, खिडक्या एवढ्याशा आणि त्याही पक्क्या बंद, का तर गारवा बाहेर जायला नको. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा. मी सांगत होते, अहो, हे जेद्दाचं घर आहे, कोकणात चालायचं नाही. तुम्ही म्हणालात, "तुला नव्याची किंमत नाही, रझिया. तुझा जीव त्या जुन्या खोलीत." गावात मात्र वाहवा झाली. अन्वरभाईंनी फोनवर सांगितलं, खाडीच्या दोन्ही काठांवर असा बंगला नाही. नव्हताच. कोकणात दुसऱ्या कुणाला तसा बांधायची बुद्धी झाली नव्हती.

मग आपण त्या पावसाळ्यात गेलो. वीज गेली ती चार दिवस आली नाही. एसी बंद, खिडक्या उघडत नाहीत, स्लॅबमधून पाणी झिरपतंय आणि गालिच्याला असा वास, की मांजरसुद्धा उंबऱ्यावरून परत गेलं. तुम्ही बनियनवर, हातात पुठ्ठा घेऊन वारा घालताय आणि मला म्हणताय, "सवय होईल." भिंतीवर हिरवी बुरशी आली. तुमच्या नव्या सुटातून अळंब्या उगवायच्या बाकी होत्या. शेवटी आपण अन्वरभाईंच्या कौलारू घरात जाऊन झोपलो, त्यांच्या पडवीत, आणि छान झोप लागली. पुढच्या वर्षी तुम्ही त्या भारी स्लॅबवर पत्रे घातलेत. मी काही बोलले नाही. म्हणजे एकदाच बोलले. बरं, दोनदा.

तरी बंगल्याचं वेड गेलं नाही. दर सुट्टीत जायचं, कुलूप काढायचं, बुरशी पुसायची, कुलूप लावायचं. तुम्ही तो माझ्या नावावर केलात. सही करताना म्हणालात, "आता तरी म्हण, आपलं घर." मी म्हटलं नाही. तुमचा चेहरा उतरला होता. तो चेहरा मला गेले काही दिवस सारखा दिसतो, पण त्यासाठी खोटं बोलायला मी तेव्हाही तयार नव्हते आणि आजही नाही. तो बंगला तुमच्या मेहनतीचा आहे, त्याला मी सलाम करते. पण आपण दोघं त्यात राहिलो कुठे? आपण राहिलो ते इथे. भांडलो इथे, इम्रानने पहिलं पाऊल टाकलं ते इथल्या अंगणात, तुमची आई वारल्याचा फोन आला तेव्हा तुम्ही याच जिन्यावर बसून राहिलात. आणि शेवटच्या दिवशी जोहरची नमाज पढून आलात, "पाणी दे" म्हणालात, आणि मी पेला भरून वळेपर्यंत तुम्ही गेला होतात. तेही इथेच.

त्या दिवशी दुपारभर फोन वाजत होता. अन्वरभाई रडत होते. रडता रडता म्हणाले, "रझिया, आईबापाच्या बाजूला जागा ठेवलीय त्याची. परक्या मुलखात माती देतंस काय माज्या भावाला? पाठवून दे. कागदाचा खर्च मी करतंय." इम्रान माझ्याकडे बघत होता. तुम्हीही नेहमी गावच्या कब्रस्तानाचंच बोलायचात, मला ठाऊक होतं. मी फोन हातात घेतला आणि म्हटलं, "अन्वरभाई, त्यांना पेटीत घालून, बर्फात ठेवून, आठ-आठ दिवस कागदांची वाट बघत पडू देणार नाही मी. ते इथे जगले, इथेच त्यांची माती होईल." त्यांनी फोन ठेवला. त्यांच्याकडून अजून पुन्हा फोन आलेला नाही.

दुसऱ्या दिवशी असरच्या नमाजनंतर तुम्हाला नेलं. मी दारापर्यंत आले. पुढे बायका जात नाहीत. गल्लीतला यमनी रोटीवाला भट्टी बंद करून आला होता, मिसरी औषधवाला आला होता, आणि सालेहसुद्धा होता, खांदा द्यायला पुढे. इम्रान म्हणाला, कबरीवर नाव नसतं इथे, नुसता एक दगड. मी ती जागा पाहिली नाही, कदाचित कधी पाहणारही नाही. पण अन्वरभाई म्हणतात तो मुलूख परका मला वाटत नाही, आणि याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही, तुमचीही नाही.

आता इम्रानचं. चौथ्याच दिवशी तो बॅग घेऊन आला. उत्तर जेद्दात, समुद्राच्या बाजूला त्याचा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, खाली पोहायचा तलाव आहे. "अम्मी, बी प्रॅक्टिकल. ये घर तो वैसे भी जानेवाला है. आप मेरे साथ चलिए, और बाद में चाहें तो गाँव का बंगला है ही." मुलगा चांगला आहे आपला, वाईट हेतू नाही. पण मी म्हटलं, इद्दत नवऱ्याच्या घरात पाळतात, मुलाच्या फ्लॅटमध्ये नाही. मौलवीसाहेबांना विचार हवं तर. त्याने विचारलं. मौलवीसाहेब माझ्या बाजूचे निघाले. मग सालेहलाही थांबावं लागलं. घर विकायला काढलेले लोक, पाडायची मशिनं सांगून ठेवलेली, आणि मध्ये एक म्हातारी पडदा लावून बसलेली! मला खोटं वाटेल इतकं बळ आलं. सगळ्यांना घाई होती आणि घाई नसलेली मी एकटी होते.

मोजणी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, खुद्द उम्म सालेह आली. काठी टेकत. ड्रायव्हरला बाहेर ठेवून. अंगणात बसली, धापा टाकल्या, कॉफी नको म्हणाली, आपला आल्याचा चहा मागितला. मग इथल्या रीतीने मुलाच्या नावाने मला हाक मारत म्हणाली, "उम्म इम्रान, त्या मुलाने या घराला वजा म्हटलं?"

मी म्हटलं, "म्हटलं."

"सालेह त्या मधल्या खोलीत जन्मला. त्याला विचारलं मी, तूही वजा का?"

आम्ही दोघी हसलो. इद्दतीत हसावं की नाही, कोण जाणे. तिलाही हे घर आठवत होतं, ती नवी नवरी होती तेव्हाचं, माझ्या आधीचं. तिने एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती: तिच्या काळी वीज जायची तेव्हा गच्चीवर झोपायचे, आणि सासू जिन्याच्या तोंडाशी खाट टाकायची, चोरासाठी नव्हे, सुनेवर लक्ष ठेवायला. किती तरी वेळ आम्ही त्या घराची किंमत करत बसलो, यंत्राशिवाय.

मग ती खरं बोलली. "मी मुलांना थांबवू शकत नाही. वाटे त्यांचे आहेत. तुझी इद्दत पुरी होईपर्यंत कुणी या दाराला हात लावणार नाही, लावला तर मी इथे येऊन बसेन. पण नंतर पाडतील."

तुम्ही असता तर म्हणाला असता, अल्लाहची मर्जी. माझ्याही तोंडाशी ते आलं होतं. पण मी दुसरंच बोलले. "मशिदीच्या मागचं ते निळ्या दाराचं घर कुणाचं आहे?"

ती दचकली. "ते माझं. माझ्या बापाने मला दिलेलं. त्यात मुलांचा संबंध नाही."

"रिकामं आहे."

"ते घर याहून लहान आहे, उम्म इम्रान. अंगण नाही, गच्ची आहे. पाणी वर चढत नाही. चुना पडतो."

"मोटर बदलली की पाणी चढतं. एवढी वर्षं मेकॅनिकच्या घरात राहिले मी."

"तुझ्या मुलाचा एवढा मोठा फ्लॅट! लोक म्हणतील, उम्म सालेहने विधवेला पडक्या घरात घातलं."

"असं जो म्हणेल त्याला माझ्याकडे पाठव."

ती माझ्याकडे बघत राहिली. बहुतेक माझी अक्कल जोखत होती. मग विचारलं, "करार कुणाच्या नावाने? इम्रानच्या?"

"माझ्या."

तिने काठी आपटली. "खलास." म्हणजे ठरलं.

दुपारी इम्रानला सांगितलं. तो आधी इंग्रजीत चिडला, मग हिंदीत, आणि शेवटी लहानपणी बोलायचा तसा मराठीत आला: "माझं घर तुझं घर नाही का, अम्मी?" मी त्याला जवळ घेतलं. म्हटलं, आहे बेटा, दर जुम्म्याला येईन, बिर्याणी खाऊन जाईन. पण तिथे मी तुझी पाहुणी असेन. तुझ्या बायकोच्या स्वयंपाकघरात डबे कुठे ठेवायचे हे मी विचारायचं, आणि तिने अदबीने सांगायचं, हे मला जमणार नाही. इथे संध्याकाळी पोरं येतात, त्यांची वार्षिक परीक्षा तोंडावर आहे. तुझ्या अब्बांनी मला या वस्तीत आणून सोडलं, मी इथे मूळ धरलं, आता ओढून काढाल तर तुटेन. त्याने डोळे पुसले. मग विचारलं, "वहाँ गच्ची तक कितनी सीढ़ियाँ हैं?" मी म्हटलं, तू मोजून ये. तो खरंच गेला. परत आला तेव्हा म्हणाला, कठडा हलतोय, वेल्डर बोलावतो.

अजून एक गोष्ट राहिली, आणि ही ऐकून तुम्हाला राग येईल. येऊ दे. तुमच्या रागाची मला आठवण येते.

बंगला मी भाड्याने दिला आहे. माझ्या नावावर आहे ना, तुम्हीच केलात. गावच्या सरकारी दवाखान्यातली नर्सबाई, तिचा नवरा आणि सासू. तुम्ही आयुष्यभर कुणाला उंबऱ्याच्या आत घेतलं नाहीत, का तर "भाडेकरू घराची वाट लावतात." अहो, भाडेकरू! तुम्ही स्वतः कोण होतात? जेद्दात एका घरमालकाचा कोपरा न् कोपरा जपलेला माणूस, आणि गावी म्हणे भाडेकरूंवर विश्वास नाही! ती नर्सबाई फोनवर चाचरत म्हणाली, काकी, खिडक्या मोठ्या केल्या तर चालेल का, कोंडल्यासारखं होतं. मी म्हटलं, पाडा भिंत. पडवीही काढा पुढे. सासूबाईंना बसायला लागेल. मग मी अन्वरभाईंना स्वतःहून फोन केला. त्यांनी उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाले, "दिवा लागेल म्हणतंस बंगल्यात?" मी म्हटलं, रोज लागेल. ते पुन्हा रडले, पण या वेळी फोन ठेवला नाही.

तर असं आहे. हे घर पडेल. माझी इद्दत संपेल आणि एक दिवस मशीन येऊन दोन खोल्या, जिना, तुमची पाण्याची टाकी, सगळं दुपारपर्यंत जमीनदोस्त करेल. मी बघायला उभी राहीन, रडेन, तोंड लपवणार नाही. मग मशिदीच्या मागे जाऊन चहा टाकीन. या वस्तीने मला जे दिलं ते एका घराच्या भिंतींत मावणारं नव्हतं, हे मला आता नीट कळतं आहे, आणि तुम्हाला ते पटवायचं होतं. पटलं की नाही हे तुम्ही न सांगताच निघून गेलात. जिंकलात असं समजू नका. उठून गेलेल्या माणसाला डाव मिळत नाही.

कबरीत फरिश्ते येऊन विचारतात ते सवाल वेगळे, त्यांची उत्तरं तुम्हाला पाठ असतील, तुम्ही नमाजी माणूस. पण तिथे शेजारीपाजारीही असतील. आपल्याकडचे, केरळचे, यमनचे. एखादा सहज विचारेल, हनीफभाई, तुमच्यामागे बायको कुठे राहते? तेव्हा सवयीने बाणकोटचा बंगला सांगू नका. इम्रानचा फ्लॅटही सांगू नका. सांगा, ती अझीझियात आहे, तिच्या घरी.